चित्र होत असताना

चित्रकलेच्या तासाला सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारे शब्द दोनच: ‘बाई, झालं!’ तास सुरू होऊन पाच मिनिटंही उलटलेली नसतात. कागदाच्या एका कोपऱ्यात पेरभर उंचीचं घर, शेजारी काड्यांचा माणूस, वर अर्धा सूर्य आणि उरलेला सगळा कागद कोरा. पोर मात्र कागद फडफडवत टेबलाशी हजर. त्याच्यामागे दुसरं, तिसरं, आणि बघता बघता रांग लागते. रांगेतल्या मुलांना माझ्या मताशी फारसं देणंघेणं नसतं. एक ‘छान’ मिळालं की कागद दप्तरात कोंबता येतो, एवढाच त्यांचा हिशोब.

म्हणून मी तासाला टेबलाशी बसतच नाही. बाकांमधून फिरते. नुसतं फिरूनही भागत नाही; एखाद्या मुलाशेजारी दोन-तीन मिनिटं काही न बोलता उभं राहावं लागतं. बोलायची सवय लागलेल्या शिक्षकाला हे फार जड जातं. पण प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवून माझं जे एक ठाम मत झालं आहे ते हेच, की लहान मुलाचं चित्र पूर्ण झाल्यावर बघून फारसं हाती लागत नाही. ते होत असताना बघावं लागतं.

दुसरीतल्या एका मुलानं एकदा आधी नीट चौकोन आखला, दोन टोकांना गोलपोस्ट काढले, खेळाडू म्हणून ठिपके दिले. मग एका ठिपक्यापासून पेन्सिल सरकायला लागली. पेन्सिल म्हणजे चेंडू. तोंडानं बारीक आवाजात धावतं वर्णन चालू: इकडून पास, तिकडे अडवला, परत मागे, आता लांब मारला. चेंडू जाईल तिकडे रेघ. दहा मिनिटांत मैदान, खेळाडू, गोलपोस्ट सगळं रेघांच्या जंजाळात गडप झालं. तो कागद नंतर कुणाच्या हाती पडला असता तर ‘काय हे गिचमीड’ म्हणून बाजूला गेला असता. मी शेजारी उभी होते म्हणून मला माहीत आहे, की सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला आणि त्यातला एक गोल वादग्रस्त होता. वस्तू दाखवणारी रेघ आणि हालचाल दाखवणारी रेघ मोठी माणसं वेगळी ठेवतात. सात वर्षांच्या मुलाला एकच पेन्सिल दोन्हीला पुरते.

मुलांच्या चित्रांकडे लक्ष देऊन बघावं, हेच मोठ्यांना फार उशिरा सुचलं. १८८२-८३च्या हिवाळ्यात इटलीतल्या बोलोन्या शहरात कोर्रादो रिच्ची नावाचे कलेचे अभ्यासक पावसापासून आडोसा म्हणून एका कमानीखाली थांबले. तिथल्या भिंतीवर पोरांनी चित्रं काढून ठेवली होती. पाऊस काही थांबेना, तेव्हा ते ती बघत राहिले, आणि १८८७मध्ये त्यांचं मुलांच्या कलेवरचं छोटं पुस्तक निघालं. त्यांच्यानंतर फ्रान्समध्ये जॉर्ज-आंरी ल्युके यांनी स्वतःच्या मुलीची, सिमोनची, चित्रं वर्षानुवर्षं जपली. नुसती जपली नाहीत, तर चित्र काढताना ती काय बोलते तेही टिपून ठेवलं. मला रिच्चींपेक्षा ल्युके जवळचे वाटतात ते यासाठी. रिच्चींना भिंत मिळाली, ल्युकेंना मूल मिळालं.

मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं, हे ल्युकेंचं म्हणणं शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं जातं. सांगून ते पटत नाही. कप ठेवून बघावा लागतो. नॉर्मन फ्रीमन यांच्या १९७२च्या एका प्रयोगात मुलांसमोर कप असा ठेवला होता, की कान मागे लपलेला आणि पुढच्या बाजूला रंगवलेलं फूल स्पष्ट दिसणारं. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल सोडून दिलं. आठेक वर्षांच्या पुढच्या मुलांनी उलट केलं. मी हा खेळ पहिलीच्या वर्गात करते तेव्हा सगळे कप कानासकट उगवतात. ‘कान दिसतोय का रे तुला?’ असं विचारलं तर मुलं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात. कपाला कान असतो, बाईंना एवढंही माहीत नाही?

घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसणं, पोटातलं बाळ दिसणं, या प्रकाराला अभ्यासक क्ष-किरण चित्र म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मला त्यातलं कोडं सुटलं ते क्रम बघून. मुलं बहुतेक वेळा आतली माणसं आधी काढतात. मग अंथरूण, दिवा, मांजर. सगळी मंडळी स्थिरस्थावर झाली की त्यांच्याभोवती भिंत उभी राहते. भिंतच शेवटी येणार असेल तर तिच्यामागे काही झाकायचा प्रश्न येतो कुठे? पूर्ण झालेला कागद बघणारा मात्र बाहेरून आत शिरतो. त्याला भिंत आधी दिसते आणि तो विचारतो, ‘अरे, भिंतीतून आतलं कसं दिसेल?’ दोघांचं चित्र एकच, दिशा उलटी.

बोटांचंही तसंच. लहान मुलं हाताची बोटं मोजून काढत नाहीत, पुरेशी वाटेपर्यंत काढतात. एका हाताला सात, दुसऱ्याला तीन. रशियातल्या नोव्हगोरोदला १९५६च्या उत्खननात बर्च झाडाच्या सालीचे काही तुकडे सापडले. तेराव्या शतकातल्या ओनफिम नावाच्या एका मुलाचे. वय सहा-सात असावं असा अभ्यासकांचा अंदाज. एका तुकड्यावर त्यानं मुळाक्षरं गिरवायला घेतली, थोडी गिरवली आणि खाली घोडेस्वार काढून त्याच्याशेजारी स्वतःचं नाव टाकलं. घोडेस्वार शत्रूला भाल्यानं भोसकतोय. त्याच्या माणसांचे हात दाताळ्यासारखे आणि बोटांची संख्या मनाला येईल ती. अभ्यास अर्धवट टाकून चित्राकडे वळलेलं हे पोर आठशे वर्षांनी माझ्या वर्गातल्या कुठल्याही बाकावर खपून जाईल.

‘मग तुम्ही शिकवता काय?’ हा प्रश्न सहकाऱ्यांनी मला अनेकदा विचारला आहे, कधी कुतूहलानं, कधी नाक मुरडून. प्रश्न रास्त आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला तेव्हा त्यांचा पवित्राच हा होता, की मुलांना शिकवायचं नाही, त्यांना फुलू द्यायचं. त्या काळी शाळांत ठोकळे आणि नक्षी बघून तंतोतंत उतरवायला लावत, हे लक्षात घेतलं तर चिझेक यांचं धाडस मोठंच होतं. पण पुढे त्यांच्या वर्गातली चित्रं प्रदर्शनांतून देशोदेशी गेली तेव्हा काही जाणकारांनी शंका काढली, की ही सगळी मोकळी मुलं एकाच वळणाचं कसं काढतात? मला ही शंका फार मोलाची वाटते. शिक्षक तोंड मिटून बसला तरी त्याची आवड वर्गात पसरतेच. कोणत्या चित्रापाशी बाई जास्त वेळ रेंगाळल्या, भिंतीवर कोणतं लागलं, हे मुलं बरोबर हेरतात. तेव्हा ‘मी काहीच शिकवत नाही’ असं म्हणणारा शिक्षक बहुतेक वेळा न सांगता शिकवत असतो.

मी शिकवते, आणि दाखवतेही. ब्रश दाबून उभा केला तर केस फिसकारतात, हे दाखवते. रंग बदलण्याआधी ब्रश धुवायचा, फडक्याला टिपायचा, मग बुडवायचा. मातीचे दोन भाग जोडताना दोन्हीकडे ओरखडे काढायचे, पातळ कालवलेली माती लावायची आणि दाबायचं. नुसते चिकटवले तर वाळल्यावर हत्तीचे पाय गळून पडतात. मेणखडूनं काढून वर पातळ जलरंग फिरवला तर मेणावर रंग ठरत नाही. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची कात्री दिली तर त्याला कापायची रेघच दिसत नाही, कारण वरचं पातं आड येतं. त्याला ‘नीट काप’ म्हणण्यात काही अर्थ नसतो, वेगळी कात्री द्यावी लागते. हे सगळं हाताचं ज्ञान आहे आणि ते मुलानं आपलं आपण शोधावं असा हट्ट मला क्रूर वाटतो.

झाड कसं दिसतं, ते मात्र मी दाखवत नाही. आणि काही झालं तरी मुलाच्या कागदावर माझी पेन्सिल टेकवत नाही. एकदा त्याच्या कागदावर मी घोड्याचा पाय दुरुस्त करून दिला, की पुढचा प्रत्येक पाय माझ्याकडे येणार. फारच अडलं तर फळ्यावर चार तऱ्हांचे पाय काढते, मुलांना दोन मिनिटं बघू देते आणि पुसून टाकते. पुसताना वर्ग हळहळतो. हळहळू दे.

रंगांचा तास हा माझा सर्वांत आवडता, आणि शाळेच्या शिपायांचा बहुधा सर्वांत नावडता. त्या दिवशी मी फक्त पिवळा, निळा आणि पांढरा देते. हिरवी बाटली कपाटात कुलपात. काय काढायचं हेही सांगत नाही. कागदावर जितके वेगळे हिरवे जमतील तितके ठिपके द्यायचे. पहिली पाच मिनिटं सगळ्यांचा एकच हिरवा होतो, निळसर आणि गडद, कारण मुलं दोन्ही रंग सारखेच घेतात आणि निळा पिवळ्याला गिळून टाकतो. मग कुणाच्या तरी ब्रशला निळा नुसता पुसटसा लागलेला असतो आणि पिवळ्यात एकदम कोवळ्या पालवीचा रंग उमटतो. शेजारचा विचारतो, ‘कसा केलास?’ आता ज्याला जमलंय त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देण्यासाठी काय आधी घातलं आणि किती, ते आठवावं लागतं. गडद रंग फिक्यात थोडा थोडा घालायचा, उलट नाही, हा नियम मी तोंडानं सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी विसरला गेला असता. निळ्यात पिवळा ओतून ओतून अर्धी वाटी संपवलेल्या मुलाला तो जन्मभर लक्षात राहतो.

असाच एक तास अंगाच्या रंगाचा. खडूंच्या पेटीत फिकट गुलाबीसर एक कांडी असते, मुलं तिला बिनदिक्कत ‘स्किन कलर’ म्हणतात आणि सगळ्या माणसांना तीच फासतात. क्रेयोला कंपनीनं १९६२मध्येच आपल्या त्या खडूचं नाव ‘फ्लेश’ बदलून ‘पीच’ केलं, पण वर्गात जुनाच कारभार चालू आहे. मी त्यावर व्याख्यान देत नाही. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा देते आणि स्वतःच्या मनगटाचा रंग बनवायला सांगते. कागदाच्या पट्टीवर ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा, पट्टी हातावर धरून बघायची. निळा जरा जास्त झाला की हात आजारी दिसतो, लाल जास्त झाला की भाजलेला. पोस्टर कलर ओला असताना आणि वाळल्यावर वेगळा दिसतो, हेही तेव्हाच कळतं. तासाच्या शेवटी सगळ्या पट्ट्या एकाशेजारी एक लावल्या की लांबच लांब रांग लागते आणि पेटीतल्या त्या कांडीशी त्यातली एकही जुळत नाही. विशेष म्हणजे तळहात आणि मनगट यांच्या दोन वेगळ्या पट्ट्या करायच्या का, हा प्रश्न मुलंच काढतात.

आता ‘छान’बद्दल. हा शब्द मी जवळजवळ बंद केला आहे, तारे आणि शिक्के तर केव्हाच. १९७३मध्ये प्रसिद्ध झालेला मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग याला कारण आहे. बालवाडीच्या वयाची, मुळात चित्रं काढायला आवडणारीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच दिलं नाही. नंतरच्या दिवसांत मोकळ्या वेळी कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर काढलेल्या मुलांचा चित्रातला वेळ बाकीच्यांच्या निम्म्यावर आलेला होता. ज्यांना बक्षीस अवचित मिळालं त्यांची गोडी कमी झालेली नव्हती. म्हणजे बक्षिसापेक्षा त्याची बोली घातक ठरली. तरीही चित्रकला स्पर्धांची पत्रकं शाळेत येत राहतात, आणि ‘प्रत्येक वर्गातून पाच नावं द्या’ हा निरोपही.

‘छान’च्या जागी काय म्हणावं? ‘हे काय काढलंयस?’ तर मुळीच नाही. ज्यानं घोडा काढलाय त्याला हा प्रश्न अपमानच वाटतो, आणि ज्यानं काहीच ठरवून काढलेलं नाही तो बाईंना बरं वाटावं म्हणून काहीतरी ठोकून देतो. मी विचारते, ‘यातलं आधी काय काढलंस?’ या प्रश्नाला चुकीचं उत्तरच नसतं, आणि त्यातून सगळी गोष्ट उलगडते. ‘आधी पाऊस काढला, मग छत्री, मग छत्री छोटी झाली म्हणून माणूस वाकवला.’ वाकलेला माणूस बघून मी आजाराबिजाराचे तर्क केले असते. तो बिचारा फक्त छत्रीत मावत होता. मुलांच्या चित्रांवरून त्यांच्या मनाचे निदान करायला सरसावणाऱ्यांनी आधी हा प्रश्न विचारावा, असं मला नेहमी वाटतं.

हे सगळं चौथीपर्यंत सुरळीत चालतं. मग नवव्या-दहाव्या वर्षी कधीतरी मुलं खोडरबर शोधायला लागतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७मध्ये मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यात नऊ ते बाराचा काळ म्हणजे चित्र खऱ्यासारखं दिसावं अशी आस लागण्याचा. आस लागते, हात तिथवर पोचत नाही. कालपर्यंत राक्षस, रॉकेट, राजवाडे बेधडक काढणारी मुलगी आज कागद हातानं झाकून बसते आणि म्हणते, ‘बाई, मला येत नाही.’ इथे ‘तुला हवं तसं काढ गं’ हा सल्ला निरुपयोगी आहे. तिला हवं तसंच काढायचं आहे आणि तेच जमत नाहीये. बहुतेक माणसांची चित्रकला या वयात थांबते, आणि मोकळं सोडणारे शिक्षकच तेव्हा तिला सर्वांत कमी उपयोगी पडतात.

म्हणून पाचवीला माझा तास बदलतो. पायातला एक बूट काढून बाकावर ठेवायचा. चित्र बुटाचं काढायचं नाही, आधी बुटाच्या नाडीमधल्या रिकाम्या जागा काढायच्या. खुर्ची असेल तर पायांमधल्या पोकळ्या. पोकळीला कुणी नाव दिलेलं नसतं, त्यामुळे ‘खुर्ची अशी असते’ हे डोक्यातलं चित्र आड येत नाही आणि डोळा कामाला लागतो. पेन्सिल हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा, उंचीत रुंदी किती वेळा बसते ते मोजायचं. पहिलीच्या वर्गात जे मी कधीच करणार नाही ते इथे सगळं करते. आणि ‘काय काढू?’ म्हणणाऱ्यांसाठी मॅरियन रिचर्डसन या इंग्लिश शिक्षिकेची युक्ती वापरते: त्या मुलींना डोळे मिटायला लावत, एखादं दृश्य शब्दांत वर्णन करत आणि मग मनात जे उभं राहिलं ते काढायला सांगत. डोळे मिटलेला पाचवीचा वर्ग ही तशीही दुर्मीळ चैन आहे.

वर्षअखेरीस गुणपत्रकात चित्रकलेपुढे एक चौकोन असतो आणि त्यात श्रेणी भरायची असते. मी भरते, नियम आहे. खरी नोंद प्रत्येक कागदाच्या मागे असते: मुलाचं नाव, तारीख आणि चित्र काढताना ते जे बोललं त्यातलं एक वाक्य. नाव मी मुलाकडूनच लिहून घेते. फ्रिडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार बाई नाझींच्या तेरेझिन छावणीत मुलांना चित्रकला शिकवायच्या आणि चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावायच्या. ऑक्टोबर १९४४मध्ये त्यांना आउश्वित्झला नेण्यात आलं. त्याआधी त्यांनी साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत, आणि न वाचलेल्या अनेक मुलांची नावं त्यांच्याच अक्षरात त्यावर आहेत. माझ्या वर्गात तसलं काही संकट नाही. तरी नाव घालताना मूल कागद सरळ करून, जीभ बाहेर काढून, चित्रापेक्षाही मन लावून लिहितं, हे मी रोज बघते.

पालकांच्या भेटीच्या दिवशी ही फाइल त्यांच्या हातात देते. पालक आधी चित्रं भराभर उलटतात, मग एखादं मागचं वाक्य वाचतात आणि परत पहिल्यापासून सुरुवात करतात. या वेळी कागद उलटे धरून.

राहता राहिला वेळ. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली पाच मिनिटं कागद-पाणी वाटण्यात आणि दहा धुण्यापुसण्यात. उरलेल्या वीस मिनिटांत पंचेचाळीस मुलांची चित्रं होताना कुणी कशी बघावीत? एका तासाला पाच-सहा मुलांपाशीच थांबायचं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या पाच-सहा जणांपाशी, असा क्रम मी लावला आहे, तरी तो अपुराच पडतो. म्हणून जोडतास मागितला. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक पुढे-मागे केलं, गणिताच्या बाईंची समजूत काढली आणि जोडतास दिला. बदल्यात शाळेचे सगळे सूचनाफलक सजवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. चित्रकलेच्या शिक्षकाला ते कुठेही चुकत नाही. मी ते चौथीवर सोपवलंय. अक्षरं उतरंडीला लागली आहेत, ‘सूचना’तला ‘ना’ जागा न उरल्यानं खालच्या ओळीत गेलाय, आणि परीक्षेच्या वेळापत्रकाभोवती कुणीतरी बारीक दातांचे मासे पोहायला सोडलेत. मुख्याध्यापक काल तिथे थांबून त्या मुलीला विचारत होते, की आधी मासे काढलेस की वेळापत्रक लावलंस.